किती मोठी गाडी पुरेल?

दिवाळी सरली तशी एका रविवारी आमच्या अंगणात भावाने चुन्याची फक्की आणली. कबड्डीचे मैदान आखतात तशी त्याने जमिनीवर रेघ मारली : ११ फूट लांब, ६ फूट रुंद. मधल्या मापाच्या ट्रॅव्हलर गाडीत चालकाच्या पाठीमागे राहायला मिळते ती जागा साधारण एवढीच. मग त्याने घरातल्या सहाही जणांना आत बोलावले. आई, तो, वहिनी, मी आणि दोन मुले. थोरला चौदा वर्षांचा, धाकटा आठ वर्षांचा. सगळे उभे राहिलो तेव्हा जागा ऐसपैस वाटली. बसलो तेव्हा गुडघ्याला गुडघे लागले. आडवे झालो तेव्हा थोरल्याचे पाय रेघेच्या बाहेर गेले.

कॅम्पर, म्हणजे गाडीतले फिरते घर, घ्यायचा विचार करणाऱ्या कुटुंबाने शोरूममध्ये पाऊल टाकण्याआधी ही एक गोष्ट जरूर करावी. चमकदार फर्निचर आणि निळे दिवे पाहून जागेचा अंदाज येत नाही. चुन्याच्या रेघेत तो ताबडतोब येतो.

टेम्पो, मॅटॅडोर आणि आपण

फिरते घर ही कल्पना आपल्याला परकी वाटते, पण वाहनाला मापाप्रमाणे नाव द्यायची सवय मराठीला जुनीच आहे. हलकी गाडी ती छकडा, माणसांना बसायला आडोसा केलेली ती दमणी, ओझ्याची अवजड गाडी तो खटारा. कोणत्या कामाला कोणती गाडी जुंपायची हे ठरलेले असे. नवऱ्यामुलीला न्यायला कुणी खटारा पाठवत नसे.

पुढे बैल गेले आणि इंजिन आले. १९५८ मध्ये फिरोदियांच्या बजाज टेम्पो कंपनीने मुंबईत गोरेगावला तीनचाकी हॅन्सिएट गाडी बनवायला घेतली आणि त्या कंपनीच्या नावातला ‘टेम्पो’ हा शब्द मराठीत असा मुरला, की आज कोणत्याही कंपनीच्या छोट्या मालवाहू गाडीला आपण टेम्पोच म्हणतो. त्यानंतर आली मॅटॅडोर. वऱ्हाडापासून सहलीपर्यंत सगळे तिने वाहिले. १९८७ मध्ये ट्रॅव्हलर आली. कंपनीचे नाव आता फोर्स मोटर्स आहे आणि महाराष्ट्रात आज दिसणाऱ्या बऱ्याच कॅम्पर गाड्या याच ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर उभ्या असतात.

ट्रॅव्हलर चार मापांत ओळखली जाते. हे माप पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या अंतराचे, म्हणजे व्हीलबेसचे : ३०५०, ३३५०, ३७०० आणि ४०२० मिलिमीटर. गाडीची पूर्ण लांबी त्यानुसार सुमारे ५ मीटरपासून ७ मीटरपर्यंत जाते. याच्या दुसऱ्या टोकाला मारुतीची ईको. लांबी ३.६७५ मीटर, रुंदी दीड मीटरच्याही आत. हल्ली अनेकजण तिच्यात फळ्यांचा पलंग आणि मागच्या दाराशी छोटी शेगडी बसवून घेतात. ईको ते लांब ट्रॅव्हलर या पट्ट्यात आपले माप कुठे बसते, हा या प्रकरणाचा विषय.

तीन आकडे

विक्रेता एकच आकडा सांगतो : “सहा जणांची गाडी.” त्याला तीन आकडे विचारा. चालत्या गाडीत पट्टा लावून किती जण बसतील? रात्री पाय पसरून किती जण झोपतील? आणि पाऊस लागला तर आत बसून किती जण जेवतील? या तिन्हींत जो आकडा सर्वांत लहान, तेच गाडीचे खरे माप.

हे तीन आकडे क्वचितच सारखे असतात. बाक ओढून पलंग झाला की झोपायची सोय चौघांची होते, पण त्या बाकाला पट्टे नसतील तर प्रवासात तिथे कुणालाही बसवू नये. आणि चालत्या गाडीत पलंगावर झोपू तर कधीच नये, लहान मुलाने तर मुळीच नाही. ब्रेक जोरात लागला की निजलेले मूल थेट पुढे फेकले जाते. “जरा पडू दे त्याला” हे वाक्य आपल्या घरांत फार सहज येते. कॅम्परमध्ये ते हद्दपार करावे.

अंगणातल्या आमच्या चौकोनाचे गणित असे निघाले. एकूण ६६ चौरस फूट. सहा बाय चारच्या पलंगाला २४ गेले. ओटा आणि छोटा फ्रिज यांना ८. शौचालयाच्या कपाटवजा खोलीला साडेसात. पट्ट्यांच्या चार आसनांना १५. उरले साडेअकरा. त्यात चपला, बॅगा आणि दारापर्यंतची वाट. सहा जणांच्या घरात एक जण पाणी प्यायला उठला की दोघांना पाय आखडावे लागणार, हे तिथेच दिसले.

घर बदलते, गाडी बदलत नाही

कुटुंबाचे माप पाच-सहा वर्षांनी बदलते. गाडी मात्र आपण पंधरा वर्षांच्या हिशेबाने घेतो. बहुतेक चुकांचे मूळ इथे आहे.

दोघेच असतात तेव्हा ईकोएवढी गाडी पुरते. आत उभे राहता येत नाही, पण दोघांना उभे राहायचे असेल तर बाहेर समुद्रकिनारा आहे. रोज हीच गाडी दुकानाला, स्टेशनला, वाडीच्या कामाला वापरता येते. जर्मनीत फोक्सवॅगनची व्हॅन १९५० मध्ये निघाली आणि पुढच्याच वर्षी वेस्टफालिया कंपनीने तिच्यासाठी काढता-घालता येणारी कॅम्पिंगची पेटी केली. आठवडाभर मालाची गाडी, रविवारी घर. मध्यमवर्गाला परवडलेला कॅम्पर असा जन्मला. ही युक्ती आजही तितकीच कामाची आहे.

मूल झाले की जागेपेक्षा पडदा महत्त्वाचा ठरतो. मूल आठ वाजता झोपते, आईबाप दहापर्यंत जागे असतात. गाडीत एकच दिवा आणि एकच खोली असेल तर आठ वाजता सगळ्यांनीच अंधारात बसायचे. म्हणून या टप्प्यावर दोन फूट जास्त लांबीपेक्षा मधोमध ओढता येणारा जाड पडदा आणि दोन्ही बाजूंना वेगळे दिवे पाहावेत. दहा वर्षांपर्यंतची मुले गाडीच्या रुंदीत आडवी झोपतात, त्यामुळे लहान ट्रॅव्हलरही चौघांना पुरते.

मग एका उन्हाळ्यात मुलगा वाढतो. ट्रॅव्हलरची बाहेरची रुंदी साडेसहा फुटांच्या आसपास, आतली त्याहून कमी, आणि भिंतींना अस्तर लावले की आणखी कमी. पाच फूट आठ इंचाच्या मुलाला तिथे रुंदीत झोपता येत नाही. त्याचा पलंग लांबीत टाकावा लागतो आणि एक पलंग फिरवला की ओटा, कपाट, दार सगळेच हलते. आमच्या थोरल्याचे रेघेबाहेर गेलेले पाय हेच सांगत होते. याच सुमारास आजी-आजोबांचे गुडघे बोलू लागतात. गाडीची पहिली पायरी जमिनीपासून बरीच उंच असते. रात्री दोनदा उठणाऱ्या माणसाला वरचा पलंग किंवा आतल्या कोपऱ्यातली जागा देणे म्हणजे त्याला प्रवासातून वगळणेच होय.

आणि मग घर रिकामे होते. आमच्या वसईतून मुले बोटीवर जातात, आखातात जातात, कॅनडात जातात. सात मीटरची गाडी आंब्याखाली उभी राहते. बॅटरी बसते, टायर न चालताच म्हातारे होतात, खारी हवा पत्र्याला लागते. सहा जणांसाठी घेतलेली गाडी दोघांना चालवायची भीती वाटते आणि विकायचा जीवही होत नाही.

वाट, फांदी आणि घाट

वसईकरांसाठी आणखी एक माप आहे. ते घराबाहेर पडल्याबरोबर लागते. आगाशी, नंदाखाल, निर्मळ, भुईगाव, गास, वाघोली. या पश्चिम पट्ट्यातल्या गावांचे रस्ते वाड्यांच्या मधून वळणे घेत गेले आहेत. बैलगाडी जाईल एवढीच त्यांची मूळ रुंदी. आमच्या वाटेची सर्वांत अरुंद जागा भावाने टेपने मोजली. दोन कुंपणांच्या मध्ये साडेआठ फूट भरले. आरसे उघडलेली ट्रॅव्हलर तिथून जेमतेम निघते. समोरून फुलांच्या पाट्या घेऊन स्कूटरवाला आला की एकाला मागे जावेच लागते.

उंचीही मोजावी. ट्रॅव्हलर मुळातच आठ फुटांच्या वर. छतावर सौर तावदान, एसी किंवा सामानाचा कठडा आला की नऊ फुटांच्या पुढे. जांभळाची फांदी, केबलची लोंबती वायर, जुन्या दाराची कमान यांपैकी एक तरी आडवे येतेच. एका लांब काठीला नऊ फुटांवर फडके बांधून मुख्य रस्त्यापासून घरापर्यंत चालत या. या दहा मिनिटांच्या कामाने पुढचा मोठा मनस्ताप वाचतो.

व्हीलबेस जितका लांब, तितकी वळणावर मागची चाके आतून कापत येतात. पुढचे चाक रस्त्यावर असते आणि मागचे गटाराच्या कडेला. सरळ महामार्गावर हे कळतही नाही. आंबोलीत किंवा करूळ घाटात प्रत्येक वळणावर कळते. तिथे छतावर ठेवलेले वजनही बोलते, कारण ओझे वर गेले की वळणावर गाडी बाहेर कलते. जड वस्तू खाली आणि दोन आसांच्या मध्ये, हलके अंथरूण-पांघरूण वर, हा नियम बैलगाडी भरणाऱ्यालाही ठाऊक होता.

फेब्रुवारी २०२४ मध्ये वसई आणि भाईंदरच्या मध्ये रो-रो फेरी सुरू झाली. घोडबंदरचा वळसा टाळून गाडी खाडीपार नेता येते. तिथेही गाडीच्या मापावर भाडे ठरते. टोल, फेरी, पार्किंग, गॅरेज, टायर सगळीकडे हेच. लांबीचा प्रत्येक फूट आपण एकदा विकत घेतो आणि मग वर्षानुवर्षे त्याचे भाडे भरतो.

पाणी, वजन, वीज

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पिणे आणि स्वयंपाक यांना माणशी ५ लिटर, हातपाय-भांड्यांना ५. अंघोळ काटकसरीने केली तरी १५. चौघांना अंघोळीसकट दिवसाला १०० लिटर, अंघोळ बाहेर केली तर ४० लिटर. म्हणजे “अंघोळ कुठे करायची?” या एका प्रश्नाने गाडीवर ६० किलोचा फरक पडतो, जणू एक माणूस कमी किंवा जास्त. सहा माणसांचेच वजन ३५० किलोच्या घरात. त्यावर पाणी, भरलेला सिलिंडर, बॅटरी, फर्निचर. गाडीच्या नोंदणीपत्रावर मान्य केलेले एकूण वजन लिहिलेले असते. पूर्ण भरलेली गाडी एकदा वजनकाट्यावर न्या आणि तो आकडा त्याच्याशी ताडून पाहा. ब्रेक आणि टायर त्याच आकड्यासाठी बनवलेले असतात.

विजेचा हिशेब असा. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे १८०० वॉट-तास. साधी लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवली की लवकर मरते, म्हणून हाताशी ९०० धरा. २५ वॉटचे दोन पंखे आठ तास चालले की ४०० गेले. छोटा फ्रिज आणि दिवे-फोन यांत उरलेले संपतात. एक टनाचा एसी तासाला हजाराच्या आसपास खातो. म्हणजे सगळी बॅटरी एकट्या एसीला दिली तरी तो तासभर चालत नाही. रात्रभर एसी हवा असेल तर जिथे वीज जोडता येते अशाच जागी मुक्काम करावा. इंजिन चालू ठेवून बंद गाडीत झोपणे जिवावर बेतते. धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वासही नसतो. आत गॅसची शेगडी पेटवतानाही खिडकी उघडी हवी. आमच्या किनाऱ्यावर कॅम्परचे खरे दिवस नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्या दिवसांत पंखा आणि जाळीची खिडकी पुरते.

दिंडीचा धडा

चौकोनात बसून सगळे हिशेब झाल्यावर भाऊ म्हणाला, “लांब ट्रॅव्हलरच घ्यावी लागणार.” तेव्हा आई म्हणाली, “मला दाराजवळची जागा द्या. बाकीचे बाहेर झोपा. लग्नात मांडवात झोपताच की.”

तिच्या बोलण्याने मला वारीतली दिंडी आठवली. महाराष्ट्रात फिरत्या घराचा सर्वांत मोठा अनुभव कुणाकडे असेल तर तो दिंड्यांकडे. बहुतेक दिंड्यांबरोबर ट्रक असतो. त्यात शिधा, भांडी, वळकट्या आणि राहुट्या. सोबत पाण्याचा टँकर. माणसे ट्रकमध्ये झोपत नाहीत. मुक्कामी पोचले की राहुट्या उभ्या राहतात, सकाळी त्या गुंडाळल्या जातात. यंदा माणसे वाढली तर दोन राहुट्या जास्त. ट्रक तोच. गाडीने वाहायचे आणि राहुटीने वाढायचे, अशी ही विभागणी आहे.

कुटुंबाच्या कॅम्परला हेच तत्त्व लावा. गाडीचे माप घरातल्या सर्वांत नाजूक दोन-तीन माणसांवरून ठरवा : म्हातारी आई, तान्हे मूल, पाठ दुखणारा चालक. त्यांचा पलंग, त्यांचे शौचालय, त्यांची पायरी आत हवी. बाकीच्यांची झोप बाहेर काढा. गाडीच्या कडेला ताणायचे छत आणि त्याला लागून तंबू. तरुण पोरांना तंबू हा त्याग वाटत नाही, तोच प्रवासाचा आनंद असतो. पोरे घराबाहेर गेली की तंबू माळ्यावर जातो आणि गाडी दोघांना बेताची उरते. मात्र पट्ट्यांची आसने सर्वांसाठी हवीतच. झोप बाहेर काढता येते, बसणे बाहेर काढता येत नाही.

कोकणातल्या जुलैत ही रीत अपुरी पडते. वारकरी आषाढात राहुटीत राहतात, पण ते देशावर, आणि तेही सोसून. पावसाळ्यात बाहेरचे चौघे लॉजवर झोपतील, असे आधीच ठरवून ठेवावे. वर्षातल्या त्या दोन-चार रात्रींच्या खोलीभाड्यासाठी दोन मीटर जास्त गाडी पोसणे शहाणपणाचे नाही. वेलंकनीला जाणाऱ्या वसईकरांनाही हेच सांगेन. एका बाजूने दीड हजार किलोमीटरच्या आसपासचा प्रवास आणि ८ सप्टेंबरच्या सणाला सगळे गणगोत सोबत. त्या एका प्रवासासाठी मोठी गाडी भाड्याने घ्यावी. उरलेल्या वर्षाच्या गाडीचे माप त्यावरून ठरवू नये.

कागद

कायद्याचे तीन मुद्दे. पहिला : साध्या गाडीत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये याची बंधने आहेत आणि कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळे मानक आहे. त्याप्रमाणे मान्यता असलेली बांधणीच घ्यावी आणि नोंदणीपत्रावर तशी नोंद आहे का ते पाहावे. विमा कंपनीला बदल कळवले नसतील तर अपघातानंतर दावा अडतो. दुसरा : हलक्या मोटार वाहनाच्या परवान्याची मर्यादा एकूण वजन ७५०० किलो. आपल्या मापाच्या कॅम्पर गाड्या तिच्या आत बसतात. तिसरा : राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. त्यात गाड्या भाड्याने देण्याचाही विचार आहे आणि त्या उभ्या करायच्या पार्कचाही. म्हणून खरेदीआधी भाड्याची गाडी घेऊन निदान तीन रात्री बाहेर काढाव्यात. पहिली रात्र कौतुकात जाते. दुसऱ्या रात्री उणिवा कळतात. तिसऱ्या रात्री त्यांतल्या कोणत्या सोसता येतील ते ठरते.

पुन्हा फक्की

आम्ही दुपारी पहिली रेघ पुसली आणि लहान चौकोन आखला. आत दोन पलंग, एक दाराजवळ, जमिनीपासून दीड फूट उंच. एक कमोड. सहा आसने. बाहेर आमच्या जुन्या ताडपत्रीची राहुटी काठ्यांवर उभी केली. त्या रात्री आम्ही तिथेच झोपलो. आई खऱ्या गादीवर, रेघेच्या आत, दाराच्या खुणेशी. रात्री दोनदा उठली, कुणाचाही पाय न ओलांडता. थोरला राहुटीत पाय पसरून घोरत होता.

धाकटा आठ वर्षांचा आहे. तो सहा वर्षांनी चौदाचा होईल, थोरला तेव्हा घरात असेल-नसेल. आईचे गुडघे तेव्हा कसे असतील तेही सांगता येत नाही. म्हणून आम्ही पुढच्या पाच वर्षांचीच गाडी शोधायची ठरवले आहे. फक्कीची उरलेली पिशवी पडवीत खुंटीला टांगून ठेवली आहे. पाच वर्षांनी पुन्हा आखायचे आहे.